घर गुण्यात बसवायचं तर: लाईनआऊटपासून फरशीपर्यंत काटकोन आणि ओळंबा

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीलगतची टाइलची शेवटची ओळ एका टोकाला चार इंच आणि दुसऱ्या टोकाला अडीच इंच कापावी लागली. बारा फुटांच्या भिंतीत दीड इंचाची पाचर. मी टाइलवाल्यावर उखडलो तर तो शांतपणे म्हणाला, "सर, खोलीच गुण्यात नाही, मी काय करणार?" आणि खरंच, दोन फुटी गुण्या (L आकाराची काटकोनी पट्टी) कोपऱ्याला लावला तर टोकाला दोन सुतांची, म्हणजे पाव इंचाची, फट दिसत होती. ती चूक टाइलच्या दिवशी झालीच नव्हती, ती दीड वर्ष आधी लाईनआऊटच्या, म्हणजे घराचा नकाशा जमिनीवर दोऱ्यांनी आखायच्या, सकाळी झाली होती, आणि मी तिथंच उभा होतो, चहा पीत. नववीला भूमिती शिकवणारा माणूस.

तेव्हापासून नात्यातल्या आणि शेजारच्या चार-पाच लाईनआऊटला मी टेप घेऊन जातो आणि सगळीकडं त्याच चुका त्याच क्रमानं होताना बघतो, म्हणून एकदा सगळं क्रमानं लिहून ठेवतोय. मिस्त्रीचं काम तुम्ही करायचं नाहीये, फक्त योग्य वेळी योग्य जागी टेप लावायचा आहे.

सुरू करायच्या आधी दोन शब्द वेगळे करून घ्या, कारण निम्मा घोळ इथंच होतो. "गुण्यात आहे" म्हणजे जमिनीवरच्या दोन आडव्या रेषा एकमेकींना लंब आहेत. "ओळंब्यात आहे" म्हणजे उभी रेषा अख्ख्या आडव्या प्रतलाला लंब आहे. पहिली गोष्ट टेपनं आणि गुण्यानं बघायची, दुसरी ओळंब्यानं, म्हणजे दोरीला लटकवलेल्या वजनानं. खोली गुण्यात असून भिंत ओळंब्यात नसू शकते, भिंत ओळंब्यात असून खोली गुण्यात नसू शकते. आमची तशीच होती.

## तयारी: काय काय हाताशी हवं

- १०० फुटी स्टीलचा टेप. कापडी किंवा फायबरचा नको, तो ताणला की लांबतो.
- नायलॉनची बारीक दोरी, भरपूर. जाड सुतळी नको, तिची जाडीच दोन सूत असते आणि मग खूण नेमकी दोरीच्या कुठल्या कडेला करायची यावर वाद.
- सळईचे तुकडे किंवा लाकडी खुंट्या, खिळे, हातोडा, मार्कर.
- पाण्याची पारदर्शक नळी, लेव्हल घ्यायला.
- ओळंबा, स्पिरिट लेव्हल, दोन फुटी गुण्या.
- पांढरी फक्की (जमिनीवर रेघा मारायची पूड), पण ती सगळ्यात शेवटी.
- तीन माणसं. दोघांत हे काम होतं असं सगळे म्हणतात, पण तिसरा नसला की टेपचं एक टोक दगडाखाली ठेवलं जातं आणि दगड सरकतो.

एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुढं सगळीकडं हेच माप वापरलंय.

आदल्या दिवशी नकाशा घेऊन बसा आणि त्यातली मापं बाहेरून बाहेर आहेत, आतून आत आहेत की कॉलमच्या सेंटरपासून सेंटरपर्यंत आहेत हे इंजिनिअरला विचारून कागदावर मोठ्या अक्षरात लिहा. जागेवर उन्हात उभं राहून हा प्रश्न निघाला की उत्तर अंदाजानंच दिलं जातं.

## १. आधी हत्यारं तपासा

हे कुणीच करत नाही. दहा मिनिटांचं काम आहे.

गुण्या. सरळ कड असलेल्या फळीला गुण्याचा एक हात टेकवा आणि दुसऱ्या हाताच्या कडेनं बारीक रेघ ओढा. मग गुण्या उलटा करून, म्हणजे उजवीकडचा हात डावीकडं घेऊन, त्याच बिंदूपासून परत रेघ ओढा. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. एक फुटावर त्यांच्यात दोन सुतांची फट पडली तर गुण्यात फुटाला एक सूत चूक आहे, दोन नाही, कारण उलटल्यावर चूक दुप्पट होऊन दिसते. फळीची कड आधी सरळ आहे ना हे ताणलेली दोरी लावून बघा, नाहीतर फळीची शिक्षा गुण्याला.

स्पिरिट लेव्हल. एका जागी आडवी ठेवून बुडबुडा बघा, मग त्याच जागी टोकं अदलाबदल करून ठेवा. बुडबुडा तिथंच राहिला पाहिजे. जागा स्वतः लेव्हलमध्ये असायची गरज नाही, दोन्ही वेळा बुडबुडा एकाच बाजूला तितकाच सरकला तर लेव्हल ठीक आहे आणि जागा उतरती आहे. तो लेव्हलच्याच एका ठरावीक टोकाकडं पळत असेल तर लेव्हल खोटी.

टेप. शून्य कुठून सुरू होतं ते बघा. काही टेपमध्ये कडीच्या बाहेरच्या कडेपासून, काहींमध्ये थोडं आतून. टोक वाकलेलं असेल तर एक फुटाच्या खुणेपासून मोजायची पद्धत आहे, चांगली आहे, पण मग प्रत्येक मापात एक फूट वजा करावा लागतो आणि तीनपैकी एका मापात तो विसरला जातोच. एका माणसानं मोठ्यानं "फुटावर धरलंय" म्हणायचं, दुसऱ्यानं मोठ्यानं "फुटावर" म्हणून परत बोलायचं. हसतात लोक, हसू दे.

सांभाळा: पूर्ण लाईनआऊट एकाच टेपनं करा. मिस्त्रीचा एक आणि तुमचा एक असं वापरलं आणि दोघांत ३० फुटांवर दोन सुतांचा फरक असला तर दिवसभर चूक शोधत बसाल.

## २. पहिली दोरी: आधाररेषा

पुढचं सगळं घर या एका दोरीवर उभं राहतं. रस्त्याकडची बाजू घेतात बहुतेक, मंजूर नकाशात समोर जेवढी जागा सोडायची आहे तेवढी सोडून.

१. पुढच्या दोन कोपऱ्यांच्या जागा अंदाजे ठरवा, पण खुंट्या कोपऱ्यावर ठोकू नका, दोन्ही बाजूंना चार-पाच फूट पलीकडं ठोका. कोपरा हा दोन दोऱ्यांच्या छेदातून मिळाला पाहिजे.

२. दोरी घट्ट ताणा. मधे कुठं माती, गवत, दगड टेकत नाही ना हे एका टोकाला डोळा लावून बघा.

३. पाण्याच्या नळीनं दोन्ही टोकं एका लेव्हलला आणा. नळीत बुडबुडे असतील तर माप खोटं येतं, म्हणून नळी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी सारखं दिसतंय का ते आधी बघा.

लेव्हल आत्ताच कशाला, असं मिस्त्री म्हणेल. कारण काटकोनाचं सगळं गणित एकाच आडव्या प्रतलात चालतं. एक दोरी जमिनीपासून सहा इंचावर आणि दुसरी दीड फुटावर असेल तर त्या दोघी एकमेकींना छेदतच नाहीत, वरून बघताना फक्त छेदल्यासारख्या दिसतात, आणि तुम्ही जरा तिरकं उभं राहून खूण केली की कोपरा इंचभर सरकतो. उतारावर तर अजूनच. ३० फुटांत जमीन दोन फूट उतरत असेल आणि टेप जमिनीला धरून मोजला तर खरं आडवं अंतर पाऊण इंच कमी भरतं. उतारावर टेप आडवा धरून, टोकाशी ओळंबा सोडून, तुकड्या-तुकड्यानं पायऱ्यांसारखं मोजायचं.

तपासा: प्लॉटची हद्द किंवा शेजारचं कंपाउंड सरळ आहे असं गृहीत धरलंय का? धरू नका. दोरीच्या दोन्ही टोकांपासून आणि मधून हद्दीपर्यंतचं अंतर लिहून ठेवा, नंतर भांडण झालं तर कामाला येतं.

## ३. काटकोन काढणं

इथं सगळे ३-४-५ करतात (बाजू ३, ४ आणि ५ असल्या की ३ आणि ४ मधला कोन काटकोन असतो) आणि इथंच सगळे चुकतात. पद्धत चुकीची नाही, आकार चुकीचा आहे.

३-४-५ फुटांचा त्रिकोण घेतला आणि ५ फुटांच्या बाजूत फक्त एक सूत चूक झाली, तर ३० फुटांच्या भिंतीच्या टोकाला ती दीड इंच होते. तीच एक सुताची चूक १२-१६-२० च्या त्रिकोणात केली तर ३० फुटांवर जेमतेम तीन सूत. माणूस तोच, टेप तोच, चूक तेवढीच, फक्त त्रिकोण चौपट मोठा. आमच्या स्वयंपाकघरातली दीड इंचाची पाचर उलटी मोजली तर ३-४-५ मध्ये अडीच सूत चुकल्यावर येते तेवढी भरते, आणि अडीच सूत म्हणजे टेपला थोडा झोळ पडला तरी बास.

म्हणून जागेत मावेल तेवढा मोठा त्रिकोण घ्या. १२-१६-२० चांगला, जागा कमी असेल तर ९-१२-१५, मोठ्या प्लॉटवर १५-२०-२५. मीटरमध्ये मोजत असाल तर ३-४-५ मीटर चालतो, तो मुळातच मोठा आहे.

क्रम असा:

१. आधाररेषेवर पहिला कोपरा पक्का करा, तिथं खुंटी ठोकून वर खिळा मारा. याला क म्हणू.

२. क पासून दोरीवर १६ फुटांवर मार्करनं खूण करा, ख. दोरी पूर्ण ताणल्यावरच खूण करायची, आधी खूण करून मग ताणलं तर नायलॉन लांबतं आणि खूण सरकते.

३. दुसरी दोरी क च्या खिळ्याला बांधून अंदाजे काटकोनात मागं न्या, त्याच लेव्हलला, ताणून धरा आणि क पासून १२ फुटांवर खूण करा, ग.

४. आता एकानं टेपचं शून्य ख वर धरायचं, दुसऱ्यानं ग वर २० फूट वाचायचं, आणि तिसऱ्यानं दुसऱ्या दोरीचं लांबचं टोक हळूहळू डावीउजवीकडं सरकवायचं, ख ते ग बरोबर २० येईपर्यंत.

५. आलं की लगेच खुंटी ठोकू नका. १२ आणि १६ परत मोजा, दोरी सरकवताना खूण हलली असेल. मग ठोका.

सांभाळा: वीस फूट टेपला मधे झोळ पडतो. वारा असेल तर टेप हेलकावतो आणि माप जास्त येतं. घट्ट ओढा, आणि सकाळी लवकर करा हे काम, दुपारी वारा सुटतो.

बाहेरच्या बिंदूतून लंब टाकायचा असेल तर. विहिरीच्या कठड्यापासून किंवा जुन्या घराच्या कोपऱ्यापासून आधाररेषेवर लंब हवा असतो कधीकधी. तेव्हा एक सोपी वाटणारी युक्ती करतात: टेपचं शून्य त्या बिंदूवर धरायचं, दुसरं टोक दोरीवरून फिरवायचं, आणि जिथं माप सगळ्यात कमी येईल तिथं लंबपाद, म्हणजे लंब दोरीला टेकतो तो बिंदू. तत्त्व बरोबर आहे, सगळ्यात कमी अंतर लंबाचंच असतं. पण जागेवर ते उपयोगाचं नाही. बिंदू दोरीपासून २० फुटांवर असेल आणि तुम्ही खऱ्या लंबपादापासून अख्खे सहा इंच बाजूला उभे असाल तरी टेपवरचं माप एक सूतसुद्धा वाढत नाही. म्हणजे सहा इंच चुकूनही टेप "बरोबर" म्हणणार.

त्याऐवजी शाळेत कंपासनं करायचो तेच दोरीनं करा. बिंदूपासून २५ फुटांची दोरी घ्या, ती आधाररेषेला दोन ठिकाणी टेकेल, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही ठिकाणी खूण करा, त्यांच्यातलं अंतर मोजा आणि बरोबर मधे खूण करा. तो लंबपाद. याला ना गुण्या लागतो ना वर्गमूळ, आणि टेप दोरीला तिरका टेकत असल्यामुळं खूण नेमकी पडते.

## ४. चौथा कोपरा आणि कर्ण

आता समजा घर २० बाय ३०. क आणि पुढचा दुसरा कोपरा आधाररेषेवर ३० फुटांवर आहेत, दोन्हीकडं काटकोन काढून मागं २०-२० फूट मोजलं. मागचे दोन कोपरे मिळाले. आता ताळा.

तपासायचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी समोरासमोरच्या बाजू सारख्या आहेत का, मग दोन्ही कर्ण सारखे आहेत का. मिस्त्री थेट कर्णावर उडी मारतात, "कर्ण जुळले, संपला विषय". नाही संपला. पुढची बाजू ३० फूट आणि मागची ३० फूट चार इंच, दोन्हीकडं दोन-दोन इंच सारखंच फाकलेलं, असं असेल तरी कर्ण तंतोतंत जुळतात. आकार होतो समलंब चौकोनाचा आणि सगळ्यांना वाटतं आयत झाला. तसंच उलटं, चारही बाजू बरोबर आणि कर्ण वेगळे म्हणजे समांतरभुज चौकोन, पत्त्यांची गड्डी हातानं एका बाजूला ढकलल्यासारखा. दोन्ही ताळे लागतात.

कर्ण किती यायला पाहिजे तेही आधीच काढून ठेवा, मोबाईलवर. २० चा वर्ग ४००, ३० चा वर्ग ९००, बेरीज १३००, त्याचं वर्गमूळ ३६.०५५. इथं दोन चुका हमखास होतात. एक, पॉइंटनंतरचं ०.०५५ म्हणजे साडेपाच इंच असं वाचतात. ते फुटाचे भाग आहेत, बारानं गुणा, येतात ०.६७ इंच, म्हणजे पाच सुतांपेक्षा किंचित जास्त. कर्ण ३६ फूट ५ सूत. दोन, माप २० फूट ६ इंच असलं की कॅल्क्युलेटरवर २०.६ टाकतात. २०.५ टाकायचं असतं. मी स्वतः केलंय हे, वर्गात मुलांना ओरडून झाल्यावर त्याच आठवड्यात.

कर्णात फरक आला तर काय हलवायचं? पुढची बाजू हलवू नका, ती आधार आहे. मागच्या दोन्ही खुंट्या एकत्र, मागच्याच दोरीवरून सरकवा, लांब कर्ण ज्या खुंटीला संपतो तिकडून आतल्या बाजूला. २० बाय ३० मध्ये कर्णांत दोन इंच फरक असेल तर सरकवायचं साधारण सव्वा इंच, कारण सरकवल्यावर एक कर्ण कमी होतो तसा दुसरा वाढतोही. लोक पूर्ण दोन इंच सरकवतात आणि मग फरक उलट्या बाजूला जातो, मग परत, मग चिडचिड. सरकवल्यानंतर बाजूंची मापं पुन्हा घ्या.

दोन-तीन सुतांचा फरक उरला तर मी सोडून देतो. त्याच्या मागं लागून दिवस घालवण्यात अर्थ नाही, खोदाईत आणि काँक्रीटमध्ये त्याहून जास्त इकडंतिकडं होतं. अर्धा इंच असेल तर मात्र नाही सोडायचं.

## ५. दोऱ्या बाहेर न्या, मग फक्की

खोदाईचं मशीन आलं की कोपऱ्यावरच्या खुंट्या पहिल्या जातात. म्हणून प्रत्येक दोरी दोन्ही टोकांना खड्ड्याच्या तीन-चार फूट बाहेर वाढवा आणि तिथं विटांचे छोटे ठोकळे बांधून वर प्लास्टर करून त्यावर दोरीची रेघ कोरून घ्या, काही भागात याला बुर्जी म्हणतात. नंतर फुटिंगला (कॉलमच्या पायाला), कॉलमला, जोत्याला, प्रत्येक वेळी दोरी याच रेघांवर ताणायची आणि छेदातून ओळंबा सोडून खाली खड्ड्यात कोपरा उतरवायचा.

तपासा: बुर्जीवरून दोऱ्या ताणून कर्ण परत एकदा मोजा, आणि मगच फक्की मारा. फक्की एकदा पडली की सगळ्यांना वाटतं काम झालं, मग कुणी मोजत नाही.

## ६. कॉलम: दोन बाजूंनी, शेजारच्या

इथून गोष्ट उभी होते आणि भूमितीही बदलते.

एक वही घ्या, अर्धी उघडून टेबलावर उभी करा. वहीचा कणा टेबलाला लंब उभा राहतो, वही कितीही अंशात उघडलेली असो. कारण दोन्ही पुठ्ठ्यांच्या खालच्या कडा कण्याला काटकोनात आहेत आणि त्या दोन वेगळ्या दिशांना जातात. आता वही पूर्ण सपाट उघडून उभी करायला जा. दोन्ही कडा एकाच रेषेत आल्या, काटकोन दोन्हीकडं तसाच आहे, तरी वही पुढं किंवा मागं पडते.

कॉलमचा सगळा नियम एवढाच. रेषा प्रतलाला लंब आहे म्हणायला ती त्या प्रतलातल्या दोन छेदणाऱ्या रेषांना लंब असावी लागते, एका रेषेला लंब असून भागत नाही. सेंट्रिंगवाला (काँक्रीटचा साचा लावणारा) कॉलमच्या समोरून ओळंबा लावतो, ठीक आहे म्हणतो, मग फिरून मागून लावतो, तेही ठीक. दोनदा तपासलं असं त्याला वाटतं. पण समोर आणि मागं ही एकाच दिशेची तपासणी झाली, सपाट उघडलेली वही. कॉलम डावीकडं झुकला असेल तर ते दोन्हींत दिसणारच नाही. समोरचा एक चेहरा आणि त्याच्या शेजारचा एक चेहरा, असं बघायचं. मग उरलेल्या दोन बाजू बघायची गरज नाही, साचा चौकोनी असेल तर त्या आपोआप येतात.

ओळंबा लावायचा क्रम:

१. साच्याच्या वरच्या कडेला खिळा ठोकून ओळंबा दोन इंच बाहेर लटकवा.

२. तो थांबेपर्यंत थांबा. वारा असेल तर खाली पाण्याच्या बादलीत बुडवा, झोके लगेच मरतात.

३. वर, मधे आणि खाली, तिन्ही ठिकाणी दोरीपासून साच्यापर्यंतचं अंतर पट्टीनं मोजा. तिन्ही सारखे हवेत. नुसतं वर-खाली बघितलं तर मधे साचा फुगलेला कळत नाही.

४. शेजारच्या बाजूला हेच परत.

५. टेकू पक्के केल्यावर पुन्हा, आणि काँक्रीट भरून झाल्यावर, ते ओलं असतानाच, आणखी एकदा. भरताना साचा सरकतो, व्हायब्रेटर लावला की तर हमखास. ओलं असेपर्यंत टेकू ठोकून सरळ करता येतं, दुसऱ्या दिवशी फक्त बघता येतं.

सांभाळा: दोन बीम एकाच कॉलमला काटकोनात आहेत म्हणून ते एकमेकांना समांतर आहेत असं नाही. कागदावर, एकाच प्रतलात, एका रेषेला लंब असलेल्या दोन रेषा समांतर असतात हे खरं. जागेवर एका कॉलममधून एक बीम पूर्वेला आणि एक उत्तरेला जातो आणि दोघेही कॉलमला लंब असतात. दहावीतली मुलंही इथं अडकतात, कारण वहीचं पान सपाट असतं. उलट दिशेनं मात्र बिनधास्त राहा: एकाच लेव्हलला लंब असलेले दोन कॉलम एकमेकांना समांतर असणारच, म्हणून वरचं आणि खालचं कॉलममधलं अंतर मोजणं हा एक फुकटचा ताळा आहे.

## ७. भिंत

भिंत म्हणजे प्रतल. त्यात एक जरी उभी, ओळंब्यातली रेषा बसली तरी ते प्रतल जमिनीच्या लेव्हलला लंब झालं, पुस्तकात असंच आहे. पण पुस्तकातलं प्रतल सपाट असतं, गवंड्याच्या हातचं नसतं. एका टोकाला ओळंबा बरोबर आणि दुसऱ्या टोकाला भिंत अर्धा इंच बाहेर, असं पिळलेलं काम मी बघितलंय.

म्हणून दोन्ही टोकांना ओळंबा, मग त्या दोन टोकांमधे वर आणि खाली दोरी ताणायची आणि मधे कुठं दोरीपासून भिंत लांब किंवा जवळ आहे ते बघायचं. दोरी मधे भिंतीला दाबली जात असेल तर भिंतीला पोट आलंय. विटांच्या चार-पाच थरांनंतर बघा, अख्खी भिंत झाल्यावर नाही.

आता कोपरा. दोन्ही भिंती ओळंब्यात असल्या तर त्यांच्यामधली कोपऱ्याची उभी रेघ आपोआप ओळंब्यात येते, ती वेगळी तपासायची गरज नाही. पण दोन भिंतींमधला कोन ९० आहे का, हे त्यावरून अजिबात कळत नाही. त्यासाठी गुण्या, आणि तो आडवा धरायचा, म्हणजे दोन्ही हात कोपऱ्याच्या उभ्या रेघेला काटकोनात. गुण्याची दोन्ही टोकं वर उचलली गेली तर कोन खोटा दिसतो: खरा ९० चा कोपरा असताना दोन्ही हात दहा-दहा अंश वर गेले तर त्यांच्यामधला कोन साधारण ८८ च भरतो, गुण्या त्यात नीट बसत नाही, आणि चांगल्या भिंतीला तुम्ही वाकडी म्हणता. गुण्याच्या एका हातावर स्पिरिट लेव्हल ठेवून बघा, मग दुसऱ्यावर.

दोन फुटी गुण्यानं मोठ्या खोलीचा भरवसा देता येत नाही. खोलीचे कर्ण मोजा, प्लास्टरच्या आधी. प्लास्टर जाड-पातळ करून थोडंफार गुण्यात आणता येतं, नंतर काही नाही.

## ८. फरशी, आणि गुण्या कुठं वापरायचा नाही

बाथरूमला आणि गच्चीला मुद्दाम उतार देतात, फुटाला एक सूत असं गवंडी धरतात. तिथं भिंत ओळंब्यात असेल तर ती फरशीला लंब नसते, आणि तसंच हवं. कुणीतरी उतारावर गुण्या टेकवून भिंतीचं प्लास्टर सरळ करायला जातं आणि सात फुटांवर सात सूत, जवळजवळ इंचभर, झुकवून ठेवतं. मग दाराची चौकट ओळंब्यात आणि शेजारची भिंत झुकलेली असं ध्यान दिसतं. उभं काही तपासायचं तर ओळंब्यानंच, जमिनीवर गुण्या टेकवून कधीच नाही.

टाइल सुरू करायच्या आधी:

१. खोलीच्या चारही कोपऱ्यांना गुण्या आणि दोन्ही कर्ण. फरक किती आहे तो टाइलवाल्याला आधीच सांगा.

२. भिंतीला धरून ओळ सुरू करू देऊ नका. दारातून आत आल्यावर जी भिंत सगळ्यात आधी नजरेत भरते तिला समांतर एक दोरी खोलीच्या मधून, आणि तिला ९-१२-१५ नं, खोली लहान असेल तर ६-८-१० नं, काटकोनात दुसरी.

३. या दोन दोऱ्यांच्या छेदापासून भिंतीपर्यंत, दोन्ही दिशांना, एकेक ओळ माल न लावता नुसती मांडून बघा. शेवटची टाइल किती कापावी लागते ते दोन्ही टोकांना मोजा.

४. पाचर येणारच असेल तर ती कुठं न्यायची ते ठरवा. ओट्याखाली, कपाटाखाली, दाराच्या मागं. आमच्याकडं ती फ्रिजच्या मागं गेली असती, पण मांडून बघितलं नव्हतं, म्हणून ती बरोबर दारासमोर आलीये आणि सासरेबुवा आले की पहिली तिच्याकडंच बघतात.